तांबडं पाणी

वच्छलाबाई नदीवरून निघाली ती थेट मुनिरेच्या दारात आली. डोक्यावरची घागर उतरवून तिनं उंबऱ्यापाशी टेकवली, ओंजळभर पाणी काढलं आणि ओट्याच्या चुना लावलेल्या कडेवर सोडलं. ओघळ खाली आला तो फिक्कट तांबडा होता.

"बघ," वच्छलाबाई म्हणाली. "हे पाणी मपल्या नातवाला पाजू का?"

मुनिरा नुकतीच रंगाच्या हांड्यावरून उठली होती. कोपरापर्यंत हात लाल होते. ते तिनं पदराखाली घेतले. घेतले आणि लगेच लाज वाटली, की आपण हात लपवले.

"वच्छलाबाई, आम्ही तर पार खालच्या कोपऱ्यात धुतो."

"कोपरा ऱ्हायलाय कुठं आता? डोहच परातीएवढा झालाय."

घागर तिथंच ठेवून ती रिकाम्या डोक्यानं परत गेली. भरलेली घागर टाकून जाणारी बाई त्या वर्षी पाडळीत कोणी पाहिली नव्हती.

शिवना नदीच्या काठच्या या गावात दोन साल पाऊस नीट झाला नव्हता. संक्रांतीनंतर नदीची धार तुटली. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाखाली एक डोह तेवढा उरला. डोहाच्या खाली वाळूत बायकांनी झिरे उकरले होते. झिऱ्यात हळूहळू पाणी पाझरायचं, ते करवंटीनं भरून घागरीत ओतायचं. एक घागर भरेपर्यंत कंबर मोडायची. गुरं डोहात प्यायची, माणसं झिऱ्याचं.

आणि त्याच डोहात मुनिरेचा नवरा कमरोद्दीन रंगारी कापड धुवायचा. गावात रंगाऱ्याचं घर एकच. कमरोद्दीनचा आजाही तिथंच धूत आला होता. नदी वाहती होती तेव्हा धुतलेला रंग पहिल्या वळणापर्यंत लाल दोरीसारखा दिसायचा आणि मग कुठं जायचा ते कोणी विचारलं नव्हतं.

कमरोद्दीन घरात आला तेव्हा मुनिरेनं ओट्याकडं बोट केलं. चुन्यावर डाग वाळला होता. तो टोपी घालून नदीकडं निघाला. हांड्यांच्या वाफेनं त्याची छाती भरून आलेली असायची, उतार उतरतानाही थांबावं लागायचं. वच्छलाबाईच्या झिऱ्यापाशी तो गुडघ्यांवर बसला. करवंटीभर पाणी तोंडात धरलं, गिळलं. पुन्हा घेतलं.

झिऱ्याशी बसलेल्या बायका करवंट्या हातात धरून बघत होत्या.

"तुरटी लागतीये," तो म्हणाला.

"मंग आमी काय म्हणतोय?" वच्छलाबाई म्हणाली.

"मधी एवढी वाळू हाये म्हणून मला वाटलं..."

"वाळूला काय दार हाये व्हय, चाचा, लावून घ्यायला?"

तो डोहाच्या कडेनं चालत गेला. पाणी मागं सरलं होतं, तसे बायकांचे झिरेही वर सरकत आले होते. आपण रोज धुतो तो कोपरा आणि वच्छलाबाईचा झिरा यांच्यामध्ये चार पावलांचं काय ते अंतर राहिलं होतं. रोज येऊन त्याला ते दिसलं नव्हतं. गुराखी सांडू तिथं म्हशी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मामू, म्हशीबी आता तोंड घालून मान झटकत्यात. वरल्या अंगाला न्याव्या लागत्यात."

दुपारी चावडीवर बोलावणं आलं. पोलीस पाटील आप्पासाहेब तक्क्याला टेकून बसले होते. माणसं बरीच जमली होती. बायका बाहेर कुडाच्या सावलीला. कमरोद्दीन दाराशी उभा राहिला, मागं त्याचा मुलगा गयास. बसा म्हणून कोणी म्हटलं नाही.

"कमरोद्दीन," आप्पासाहेब म्हणाले, "नदी वाहती होईस्तोवर डोहात कापड बुडवायचं नाय. गावाचं एकच पाणी हाये. ते नासलं तर तहसिलीतून टँकर नाय यायचा, का तहसीलदार घागर घेऊन नाय यायचा. समजलं?"

"जी."

लोकांनी माना हलवल्या. उठायची चुळबुळ सुरू झाली तेवढ्यात पुंजाराम खाकरला. गावात विहिरीवर ऊस उभा असलेला तेवढा एकच कुणबी. त्याच्या लेकीचं, आशाबाईचं लग्न आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठरलं होतं. नवरीचं लुगडं, दोन्हीकडच्या माणसांचे पटके, सगळं कापड त्या घडीला कमरोद्दीनच्या हांड्यांत होतं.

"मपलं तेवढं उरकू द्या, पाटील," पुंजाराम म्हणाला. "भिजलेलं कापड हाये. एका दिसात काय डोह आटतोय?"

बाहेर बायकांत कुजबुज झाली आणि थांबली. आप्पासाहेब स्वतःच्या गुडघ्याकडं बघत राहिले. पुंजाराम त्यांचा साडू होता.

"बघ मंग, कमरोद्दीन," ते शेवटी म्हणाले. "एकडावच. तुझ्या हिशोबानं बघ."

चावडीचा सगळा भार असा एका वाक्यात कमरोद्दीनच्या माथ्यावर आला. तो "जी" म्हणाला. व्हय का नाय ते त्या "जी"तून कोणालाच कळलं नाही.

घरी आल्यावर गयासनं हांड्यावरचं झाकण काढून बघितलं. ओल्या कापडाचा आंबूस वास अंगणभर पसरला.

"अब्बा, पाटलानं सांगितलं ना? मंग सकाळी जाऊ, धुऊन टाकू, किस्सा खतम. परवापास्नं बंद."

"उद्या दुसऱ्याचं लग्न असंल," कमरोद्दीन म्हणाला.

"और कपडा सड गया तो? खार सूत खाता, तुमीच शिकवलं मला. आज न्हाई धुतलं तर परवा हातात चिंध्या येतील. पुंजारामदादा आपल्याला गावात ऱ्हाऊ देईल?"

मुनिरा चुलीपाशी बसली होती. तिच्यासमोर वच्छलाबाईची घागर होती. ती परत न्यायची हिंमत झाली नव्हती.

"म्या नाय येणार डोहावर," ती म्हणाली. "तुमी दोघं जा. म्या नाय."

तिच्याशिवाय धुणं होत नव्हतं. कापड तुडवायचं, आपटायचं, पिळायचं काम तिचं. कमरोद्दीनला पाण्यात वाकलं की खोकला सुटायचा. तो तिच्याकडं बघत राहिला.

"देवगावला रहीमच्या वाड्यात विहीर हाये," ती म्हणाली. "तिथं नेऊ."

रहीम म्हणजे कमरोद्दीनचा चुलतभाऊ. देवगावात त्यांच्या रंगारी भाऊबंदांची चार घरं होती. पण ओलं कापड न्यायला गाडी पाहिजे. गयास तीन घरी जाऊन आला. कोणाची बैलं थकलेली, कोणाचं चाक मोडलेलं. शेवटी मुनिरा स्वतः घागर घासूनपुसून वच्छलाबाईकडं गेली. घागर उंबऱ्याशी ठेवून तिनं गाडीचं विचारलं.

वच्छलाबाईनं ऐकून घेतलं.

"डोहात नाय ना धुणार?"

"नाय."

"ने मंग. पर बैलाचं पाणी तुमचं तुमी बघा. मपल्या घरी बैलाला शेवटाला ठेवलंय."

दिवस उगवायला मुनिरा आणि गयास निघाले. कापडाचे गठ्ठे ओल्या तरटात बांधून गाडीत घातले होते, खाली लाल पाणी ठिबकत होतं. रस्त्याच्या धुळीत गाडीमागं ठिपक्यांची ओळ पडत गेली. मुनिरा मागं वळून बघायची आणि मान फिरवायची. ऊन चढलं तशी ओळ विरळ झाली, मग बंद झाली. गठ्ठे वरून वाळत होते. गयासनं बैलांवर चाबूक उगारला, मुनिरेनं त्याचा हात धरला.

देवगावला रहीमच्या वाड्यात शिरल्यावर तिला पहिल्यांदा कळलं ते हे, की इथं वासच नाही. रंगाऱ्याच्या घरात खार, तेल, तुरटी, उकळलेल्या मुळ्या यांचा वास भिंतीत मुरलेला असतो. इथं नुसती राख होती. हांडे पालथे घातलेले, भट्टीच्या तोंडात कोंबडी बसलेली. विहिरीवर गल्लीतल्या बायकांची रांग लागली होती.

रहीम खाटेवर पडला होता, उठून बसला. त्यानं दोघांना लोटाभर पाणी दिलं, भाकरी दिली. मग गाडीतले गठ्ठे बघून म्हणाला, "भाभी, तुमच्यात भट्टी पेटलीये अजून?"

मुनिरेनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"आमी माघातच विझवली. सगळ्यांनी. गल्ली पिती या विहिरीचं." त्यानं हात पुढं केले. "म्या कन्नडला जाणाऱ्या सडकेवर खडी फोडतोय. आज ताप हाये म्हणून घरी."

त्याच्या तळव्यांना फोड आले होते. पण मुनिरा फोडांकडं बघत नव्हती. त्याची नखं पांढरी होती. रंगाऱ्याची पांढरी नखं तिनं जन्मात पहिल्यांदा पाहिली.

"थोडंसं पाणी, रहीमचाचा," गयास म्हणाला. "नुसतं नवरीचं..."

रहीमनं रांगेकडं बघितलं. "तूच जाऊन विचार त्यांना, बेटा."

गयास गेला नाही.

परतीच्या वाटेवर झाड नव्हतं. कापडाच्या कडा आता कडक व्हायला लागल्या होत्या, तरटाबाहेर आलेल्या एका पटक्याच्या टोकाला पांढरट खार दिसत होता. गयासनं गाडी थांबवली. पिण्याच्या पाण्याची चरवी उचलली आणि गठ्ठ्यावर शिंपडायला लागला. मुनिरेची जीभ टाळूला चिकटली होती, तरी तिनं अडवलं नाही. पाण्याच्या वासानं बैलांनी जू ओढून माना मागं वळवल्या. एकानं जीभ बाहेर काढली.

"बस," मुनिरा म्हणाली. "राहिलेलं बैलाला दे."

"अम्मी, कपडा..."

"बैल दुसऱ्याचा हाये. दे म्हणते ना."

चरवीच्या तळाशी होतं तेवढं दोन बैलांच्या जिभांवर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुंजाराम दारात उभा. हातात काठी, डोक्याला मळका पटका. कमरोद्दीन लगबगीनं बाहेर आला.

"धुतलं का?"

"देवगावला नेलतं, दादा. तिथंबी..."

"देवगावचं कोण इचारतंय? पाटलानं मोकळीक दिली तुला."

"तुमच्या इहिरीवरचं मिळालं तर..." कमरोद्दीन बोलता बोलता खोकायला लागला.

"इहीर? उसाला पुरंना. चार पाणी मिळाली की तोडीला येतोय ऊस मपला."

मुनिरा आत दाराआड उभी होती. कमरोद्दीनचा खोकला थांबेना तशी ती पदर सावरून बाहेर आली.

"दादा, एक दिस मोट आमच्यासाठी चालवा. धुतलेलं पाणी आमी लांब माळावर टाकू. एक पाणी चुकलं तर ऊस मरत नाय."

"तू नको सांगू मला उसाचं."

"मंग उसाचं पाणी उसाला, आन गावानं तांबडं प्यायचं?"

पुंजारामचा चेहरा ताणला. त्यानं तिच्याकडं बघायचं सोडलं आणि काठीचं टोक कमरोद्दीनकडं केलं.

"बाईमाणसाशी म्या बोलत नाय. तू सांग. आज धुतो का नाय?"

कमरोद्दीननं छातीवर हात धरला होता. आसपासच्या दारांतून माणसं डोकावत होती. या माणसाच्या बापाचा पटका आपल्या बापानं रंगवला होता, त्याच्या लग्नाचा आपण. आजवर त्याला नाही म्हणायची वेळ आली नव्हती, आणि ते कसं म्हणतात तेही कमरोद्दीनला ठाऊक नव्हतं.

"डोहात नाय जमायचं, दादा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पुंजारामला पुन्हा विचारावं लागलं. "डोहात नाय."

"आन कापड सडलं तर?"

"तर म्या तुमचा गुन्हेगार."

पुंजाराम थुंकला आणि चालता झाला. गयास आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. आपण हे काय करून बसलो, हा एकच विचार मुनिरेच्या डोक्यात फिरत होता. कुठं जायचं, कोण काम देणार. डोहात एकदा, फक्त एकदा, असं तिलाही वाटून गेलं. ती हांड्याजवळ जाऊन कापड चाचपत बसली. अजून सूत धरून होतं. संध्याकाळपर्यंत धरेल का?

ऊन डोक्यावर आलं असताना गल्लीत गलका झाला. पुंजारामची बायको भागूबाई डोक्यावर घागर घेऊन येत होती. तिच्या मागं नवरी आशाबाई, तिच्याही डोक्यावर घागर. भागूबाई अंगानं जड. घरात पाणक्या असल्यानं वर्षानुवर्षं तिनं डोक्यावर पाणी घेतलं नव्हतं. मान ताठ करून, धापा टाकत ती ओट्यापर्यंत आली आणि घागर उतरवताना अर्धी ओंजळ तिच्या छातीवर सांडली.

"लेकीच्या लुगड्यापुरतं," ती म्हणाली. "इतकंच हाये. हे आन अजून एक खेप."

"दादांना...?" मुनिरेनं विचारलं.

"सांगून आलेय. तोंड फिरवून बसलेत." तिनं पदरानं गळा पुसला. "लेक मपली हाये, मुनिरा. घागरबी मपली. चल, लाग कामाला."

मुनिरेनं तीन पराती ओळीनं मांडल्या. लुगडं पहिल्या परातीत तुडवलं. पाणी रक्तासारखं झालं. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. पहिलं पाणी ओतून दिलं की दुसऱ्याचं पहिल्यात घ्यायचं, तिसऱ्याचं दुसऱ्यात, आणि नवं पाणी फक्त शेवटच्या परातीत. थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही म्हणून ती आपटत नव्हती, नुसती दाबत होती. पोटऱ्या भरून आल्या. गयास लाल पाण्याचा डबा उचलून माळाकडं निघाला.

माळाच्या वाटेवर वच्छलाबाई उभी होती. कोणी बोलावलं नव्हतं. पाणी कुठं टाकतात ते बघायला ती आली होती.

"इथं नको," ती गयासला म्हणाली. "इथला उतार नदीकडं हाये. पल्याड टाक, धोंड्याच्या मागं."

गयास चिडला, पण पलीकडं गेला. प्रत्येक खेपेला गेला. वच्छलाबाई त्याच्या मागोमाग खाली आली. मुनिरा एकटीच लुगडं पिळायला बघत होती, ओलं कापड तिला पेलत नव्हतं. वच्छलाबाईनं काही न बोलता दुसरं टोक धरलं. दोघींनी उलट्या दिशेनं पीळ दिला. तांबडं पाणी वच्छलाबाईच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"हे निघतं का?" तिनं विचारलं.

"नाय लवकर."

"ऱ्हाऊ दे."

शेवटच्या परातीतलं पाणी गुलाबी, मग फिक्कं झालं. तिथं पाणी संपलं. मुनिरेला लुगडं अजून एकदा खळबळायचं होतं. तिनं भागूबाईकडं बघितलं, भागूबाईनं रिकाम्या घागरीकडं. लुगडं तसंच सावलीत वाळत घातलं.

पटक्यांना पाणी उरलं नव्हतं. कमरोद्दीननं ते नुसते पिळून वाळवले, घड्या घातल्या आणि दोन दिवसांनी स्वतः डोक्यावर घेऊन पुंजारामच्या वाड्यावर गेला. गयास येतो म्हणाला, त्याला त्यानं येऊ दिलं नाही.

वाड्यात लग्नाची माणसं होती. पुंजारामनं वरचा पटका उचलून झटकला. घडीच्या रेघेवर सूत टरकलं. त्यानं चिरेत बोट घातलं आणि सगळ्यांना दाखवलं. कोणीतरी हसलं. मग त्यानं तो फाटका पटका कमरोद्दीनच्या टोपीवर गुंडाळला, दोन वेढे देऊन, टोक खांद्यावर सोडून.

"घे. तूच मिरव."

कमरोद्दीन उभा राहिला. त्यानं पटका काढला नाही. तसाच वाड्याबाहेर पडला, तसाच गल्लीतून घरी आला. मुनिरेनं त्याच्या डोक्यावरून तो उतरवला तेव्हा त्याच्या कपाळावर लाल पट्टा उमटला होता. तो घासून घासून ती धूत राहिली, वाटीभर पाण्यात. पुंजारामनं सिल्लोडला माणूस पाठवून पटके आणवले. रंगाऱ्याच्या घरी पुन्हा चिंधीही जाणार नाही, असं त्यानं चावडीवर सांगितलं.

भट्टी विझली. त्या आठवड्यात तिघं कन्नडच्या सडकेवर खडी फोडायला गेले. रहीम तिथंच होता, त्यानं सडकेच्या कामावरच्या दारोग्याला सांगून जागा मिळवून दिली. मुनिरेला हातोडी जमत नव्हती. पहिल्या दिवशी दोन बोटं ठेचली. कमरोद्दीन खडीच्या धुळीनं जास्तच खोकायला लागला. रात्री पालात तो झोपला की मुनिरा त्याचा श्वास ऐकत जागी राहायची. गयास बापाच्या वाटचीही खडी फोडून टाकायचा.

आखाजी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सडकेवर गाड्यांचा धुरळा दिसला. वऱ्हाड नवरी घेऊन परत चाललं होतं. खडीच्या ढिगानं अर्धी सडक अडली होती, गाड्या एकेक करून कडेनं काढाव्या लागत होत्या. कामावरची माणसं उठून बाजूला झाली. मुनिरा हातोडी घेऊन ढिगाच्या कडेला उभी राहिली.

आशाबाईची गाडी तिच्या अगदी जवळ येऊन थांबली. पुढची गाडी चाकात दगड आल्यानं अडकली होती. ऊन रणरणत होतं. नवरीनं डोक्यावरून तेच लुगडं ओढून घेतलं होतं आणि घामानं ती पार भिजली होती. कपाळावरून, कानामागून, मानेवरून घाम ओघळत होता.

मुनिरा पुढं सरकली. आशाबाईनं तिला ओळखलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग शेजारच्या सासरच्या बाईकडं बघून गप्प बसली. मुनिरेचं तिच्या तोंडाकडं लक्षच नव्हतं. ती मानेवरच्या घामाकडं बघत होती. घामाचा थेंब लुगड्याच्या काठाखालून निघाला, गळ्यावरून खाली आला, गळसरीपाशी थांबला. स्वच्छ होता. दुसरा आला. तोही.

पुढचा दगड निघाला आणि गाडी हलली. आशाबाईनं जाता जाता डोक्यावरचा काठ नीट केला. तिची बोटं कोरी होती.

"कोण होतं?" ढिगामागून कमरोद्दीननं विचारलं. उन्हानं त्याचे डोळे मिटल्यासारखे झाले होते.

"आशाबाई."

"लुगडं?"

"बसलाय रंग," मुनिरा म्हणाली. "पक्का बसलाय."

कमरोद्दीननं मान हलवली, बराच वेळ हलवत राहिला. मग त्यानं पुढ्यातला दगड सरकवून घेतला.